राजबागेतली अकरा घरं

“गूंगा? आंब्याच्या झाडाचं नाव गूंगा?” सुमनबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि हसून वर पाहिलं.

“हां बाई,” सिताराम म्हणाला. “त्याला कदी मोहरच आला न्हाई. दरोगा दोनदा कुऱ्हाड घिऊन आला व्हता. पर छोटे सरकार न्हाई म्हनले. दुपारी त्याच्याच सावलीला पलंग टाकायचे. म्हनायचे, ये देता नहीं तो मांगता भी नहीं.”

“आणि बाकीची झाडं?”

“बेगमपसंद व्हता, लाडला व्हता. हिरीजवळ दोन जुळे भाऊ व्हते. एक बावर्ची व्हता, त्याच्या कैऱ्या निस्त्या लोनच्याला. एकशेचाळीस झाडं व्हती बाई. समद्याला नावं न्हवती, पर तिसाएक झाडं नावाची.”

सुमनबाईंचं पेन पुन्हा चालू लागलं. फेब्रुवारीची सकाळ होती, परभणीचा उरूस नुकताच उलगला होता आणि व्हरांड्यात कोवळं ऊन आलं होतं. वेताच्या खुर्चीत दिनकरराव वकील वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते सुमनबाईंचे सासरे आणि राजबाग गृहनिर्माण संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे अध्यक्ष. या पाडव्याला राजबाग संस्थेला वीस वर्षं पूर्ण होणार होती. त्यानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं होतं, आणि सुमनबाई कॉलेजात इतिहास शिकवतात म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं होतं. सिताराम गेल्या वर्षी मोजणी कचेरीतून निवृत्त झालेला साखळीवाला. बागेचे प्लॉट पडले तेव्हा मोजणीच्या साखळीचं एक टोक त्याच्याच हातात होतं, आणि त्याआधी तो त्याच बागेत लहानाचा मोठा झाला होता. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला दुसरा माणूस गावात उरला नव्हता.

“काका, मग एवढ्या बागेत काम करणारी माणसं कुठं राहायची?” सुमनबाईंनी विचारलं.

सितारामनं कप बशीत ठेवला. तो काही बोलणार एवढ्यात वर्तमानपत्रामागून दिनकररावांचा आवाज आला.

“आसपासच्या खेड्यांतून यायची. हंगामापुरती. तसं सरकारी कागदावरसुद्धा आहे.”

सुमनबाईंनी तसं लिहून घेतलं. सितारामनं बशीत सांडलेल्या चहाकडे पाहिलं. वीस वर्षांत तो या बंगल्यात सात-आठ वेळा आला असेल, पण बसायला खुर्ची आज पहिल्यांदा मिळाली होती. ती त्याला बोचत होती.

“बागेत राबलेलं कुणी जुनं माणूस आहे का हो अजून?” सुमनबाई म्हणाल्या. “एखादी बाई असली तर फार बरं. बायकांना वेगळंच लक्षात राहतं.”

“माजी आत्या हाय. सरजाबाई.” सिताराम बोलून गेला.

वर्तमानपत्र खाली आलं. “म्हातारी आहे अजून?” दिनकररावांनी विचारलं.

“हाय. पंच्याहत्तरीच्या म्होरं हाय, पर चालती-फिरती हाय.”

“आणा ना त्यांना,” सुमनबाई म्हणाल्या. “रविवारी आणा.”

आता माघार घेता येणार नव्हती.

जिंतूर रस्त्याच्या अलीकडे, जिथं आज मोझेकच्या फरश्या आणि लोखंडी फाटकं आहेत, तिथं एकेकाळी पुरुषभर उंचीची दगडी भिंत होती. हैदराबादच्या राजघराण्यातल्या एका साहेबजाद्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही साठ एकर काळी जमीन निवडली आणि तिच्यात बाग उठवली. गावातले लोक त्यांना छोटे सरकार म्हणत. दर हिवाळ्यात त्यांचा खास डबा परभणी स्टेशनात लागे. मग स्टेशनपासून बागेपर्यंत पाणी शिंपडलं जाई, तंबू पडत, शिकारीला माणसं निघत, आणि पंधरा-वीस दिवसांनी सगळं आवरून डबा हैदराबादला परत जाई. उरलेले अकरा महिने बाग सांभाळत ती माळी, बागेचा कारभार पाहणारा दरोगा आणि पूर्वेच्या भिंतीला लागून राहणारी अकरा घरं.

ही अकरा घरं भिंत बांधायला आली आणि तिथंच राहिली. सितारामचा आजा त्यांतला पहिला. छोट्या सरकारांनी त्यांना तोंडी सांगितलं होतं की भिंत उभी आहे तोवर तुम्ही इथले. तेव्हा कागद मागायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता. विहीर त्यांनीच खणली. झाडांना पाणी त्यांच्याच बायकांनी घातलं. सितारामची आई तो दोन वर्षांचा असताना गेली, आणि त्याच सुमाराला नवरा वारून माहेरी परतलेल्या सरजाबाईनं त्याला पदराखाली घेतलं. त्यांच्या जातीचं पोर शाळेत बसवायला मास्तर तयार नव्हता. सरजाबाई चार दिवस दरोग्याच्या दारात बसली आणि त्याची चिठ्ठी घेऊनच उठली. त्या चिठ्ठीवर सिताराम चार यत्ता उर्दू शिकला, मग मराठी. आणि त्यावर मोजणी कचेरीत साखळीवर लागला. जुने लोक साखळीला जरीब म्हणत. अकरा घरांत सरकारी पगार आणणारा तो पहिला.

पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, छोटे सरकार पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी त्यांच्या मुखत्यारानं बाग विकायला काढली. परभणीतल्या वकील-डॉक्टरांनी संस्था केली आणि ती घेतली. प्लॉट पाडायचे तर आधी जमिनीची मोजणी आणि पंचनामा हवा होता. ते साल होतं सत्तावन्न. आदल्याच वर्षी अकरा घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली होती, घरातले जुने देव ओढ्यात सोडले होते, आणि आता आपले दिवस पालटणार असं सगळ्यांना वाटत होतं.

मोजणीच्या दिवशी दिनकररावांनी सितारामला गूंगाच्या सावलीत बाजूला घेतलं. त्या वेळी ते तरुण होते आणि फार गोड बोलत.

“हे बघ सिताराम,” ते म्हणाले, “इथं चाळीस वर्षांची कायम वस्ती असं लिहिलं, तर कब्ज्याचा प्रश्न येतो. फाइल औरंगाबादला जाईल, पाच-सात वर्षं कुजेल. ना आमचं काम होईल ना तुमचं. हंगामी झोपड्या असं लिहू. ओढ्यापलीकडे तुम्हाला जागा देतो, अकरा घरांना अकरा कागद. माझा शब्द आहे. पण जबाब वस्तीतल्या माणसाचा पाहिजे. लिहिता-वाचता येणारा तूच आहेस.”

मोजणीदार शेजारीच उभा होता. तो नुसता एवढंच म्हणाला, “सिताराम, नव्या राज्यात कायम करायची यादी माझ्या टेबलावर आहे बरं का.”

सितारामनं सही केली. ‘मी याच ठिकाणी वाढलो असून सदर झोपड्या बागकामाच्या हंगामापुरत्या आहेत, असा माझा जबाब आहे.’ अक्षर त्याचं सुंदर होतं. संध्याकाळी त्यानं वस्तीत जाऊन सांगितलं की ओढ्यापलीकडे जागा ठरली आहे, कागद होतील. कुणी भांडलं नाही, कुणी उलट प्रश्न विचारला नाही. सिताराम सांगतोय म्हणजे झालं. वैशाखात लोकांनी आपापल्या घराचे पत्रे, वासे, जाती, रांजण डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला.

जागा मिळाली ती चिबड, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. कागद कधीच आले नाहीत. सिताराम दोन वर्षं वकिलांच्या गावातल्या जुन्या घरी खेटे घालत राहिला. “पुढच्या मीटिंगला बघू” हे ऐकत राहिला, आणि मग त्यानं जाणं सोडून दिलं. दरम्यान यादीत त्याचं नाव आलं होतं.

सरजाबाई त्याला एक शब्द बोलली नाही. फक्त त्या वर्षापासून ती त्याला ‘तुमी’ म्हणू लागली. “या, बसा. पानी घेता का?” असं. सख्ख्या आत्याच्या तोंडचा तो मान सितारामच्या जिवाला लागे. मग तो सणासुदीलाच जाऊ लागला. स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत त्याचा संसार झाला, बायको कुसुमबाई दर वेळी म्हणायची, “एकदा तोंड उघडून माफी तरी मागा.” पण माफी मागायची तर आधी काय केलं ते मोठ्यानं म्हणावं लागतं. त्याला ते झालं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात राजबागेच्या विहिरीला पाणी होतं. संस्थेनं तिला लोखंडी जाळी बसवली आणि ओढ्यापलीकडच्या बायकांना दुपारी दोन तास पाणी भरायची मुभा दिली. सगळ्या गेल्या. सरजाबाई गेली नाही. ती सत्तरीत, डोक्यावर घागर घेऊन, स्टेशनच्या नळापर्यंत चालत जायची. सितारामनं तिला एकदा वाटेत पाहिलं होतं. घागर घ्यायला तो पुढे झाला, तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तुमाला हापिसला उशीर व्हईल.”

एवढं सगळं मनात घेऊन तो शनिवारी ओढा ओलांडून गेला.

सरजाबाई दारात बसून तुरीची डाळ पाखडत होती. वकिलांच्या सूनबाईंना बागेचा इतिहास लिहायचा आहे, तुला बोलावलंय, असं त्यानं अडखळत सांगितलं. ती नाही म्हणेल अशी त्याची खात्री होती, आणि खरं तर तशी आशाही होती.

तिनं सूप खाली ठेवलं. “बागंबद्दल इचारनार?”

“हां.”

“मंग येते की. मला लय ठावं हाय.” आणि मग, जरा थांबून, “धुतलेलं लुगडं नेसून येते. तुमी उद्या या.”

रविवारी सुमनबाई फाटकाशीच उभ्या होत्या. आधी कॉलनीतून फिरू, कुठं काय होतं ते दाखवा, असं त्या म्हणाल्या. दिनकररावही काठी घेऊन बरोबर निघाले. सितारामला वाटलं, हे पाळत ठेवायलाच आले.

सरजाबाई मात्र हरखून गेली होती. वीस वर्षांत तिनं भिंतीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि भिंत आता उरलीच नव्हती. पण रस्त्याच्या एका वळणावर ती थांबली, डोळे बारीक केले, आणि एका डॉक्टरांच्या बंगल्याकडे बोट केलं.

“हितं मोगऱ्याचे वाफे. बेगमसाब आल्या की सांजच्याला परडी भरून न्यायची. आन् ह्यो रस्ता हाय ना, ह्यो पाटाचा. पाट असाच वाकडा व्हता. तुमी लोकानी रस्ताबी वाकडाच केलाव.”

सुमनबाई खळखळून हसल्या. त्यांना त्या वळणाचं कारण आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सरजाबाई पुढे पुढे चालत होती आणि सांगत होती. इथं हत्ती बांधला होता एकदा. इथं पोपट उडून गेला म्हणून बेगमसाब दिवसभर जेवल्या नव्हत्या. हा लाडला, हा अजून हाय की! एका इंजिनियरच्या अंगणातल्या जुन्या आंब्याच्या खोडावर तिनं फाटकातून हात घालून तळवा टेकवला. “लय म्हातारा झालास रं,” ती झाडाला म्हणाली.

पूर्वेच्या ओळीशी आल्यावर ती बोलायची थांबली.

पूर्वेच्या ओळीत सहा बंगले होते. पहिला दिनकररावांचा. सकाळचं ऊन आणि विहिरीचा गारवा म्हणून ही ओळ संस्थेच्या पहिल्या सभासदांनी स्वतःकडे ठेवली होती. सरजाबाईनं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं. तिचे ओठ किंचित हलत होते. ती मोजते आहे हे एकट्या सितारामला कळलं.

“हे आमचं घर,” सुमनबाई म्हणाल्या. “या, आत या. दमला असाल.”

व्हरांड्यात सरजाबाई खुर्चीत बसली नाही, फरशीवर बसली. सुमनबाईंनी स्वतः पाणी आणून दिलं, घरातल्याच पेल्यात. सरजाबाई पेला दोन्ही हातांत धरून थोडं थोडं पाणी प्यायली. ती कुठं बसली आहे हे सितारामला हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं. साखळी त्यानंच ताणली होती. व्हरांड्याच्या या कोपऱ्यात त्यांची चूल होती.

“आजी, किती छान सांगितलंत,” सुमनबाई वही उघडत म्हणाल्या. “आता तुमच्याबद्दल सांगा. तुम्ही सगळे तेव्हा राहायचा कुठं?”

दिनकरराव काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते. सिताराम खांबाला टेकून उभा होता. आता ती सांगणार, या विचारानं त्याला भीती वाटली आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. वीस वर्षं तो याच घटकेची वाट पाहत होता.

सरजाबाईनं पेला खाली ठेवला. तिनं सितारामकडे एकदा पाहिलं.

“वढ्यापलीकडं,” ती म्हणाली. “पैल्यापासून.”

“म्हणजे बागेत नाही?”

“न्हाई बाई. कामापुरतं यायचो. हंगामाला.”

दिनकररावांनी मान डोलावली. सुमनबाईंनी लिहायला घेतलं. सितारामनं खांब सोडला. त्याच्याच जबाबातला शब्द, आणि तो आत्याच्या तोंडून.

“खोटं हाय ते,” तो म्हणाला.

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. सुमनबाईंनी वर पाहिलं.

“आत्या खोटं बोलायली बाई. अकरा घरं व्हती आमची. हितं. ह्या ओळीत. चाळीस-बेचाळीस वर्सं. तुमी बसलाव तितं आमचं घर व्हतं. सत्तावनला मोजनीच्या टायमाला मी जबाब लिहून देला की ह्या हंगामी झोपड्या हायत म्हनून. माज्या जबाबावर समदे उठले. वकीलसाहेबाला समदं ठावं हाय. त्यानीच सांगितलं व्हतं.”

मग दिनकरराव बोलले, आणि आवाज जराही न चढवता बोलले.

“सिताराम, मी तुला काही सांगितलं असं कुठं लिहिलेलं आहे का? त्या कागदावर सही तुझी आहे. माझी कुठंच नाही.”

ते खरंच होतं. सुमनबाई सासऱ्यांकडे पाहत होत्या, त्यांचा चेहरा उतरला होता. सरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कुणाचा निरोप न घेता फाटकाबाहेर पडली.

सितारामनं तिला ओढ्याच्या उताराशी गाठलं. ती धापा टाकत होती.

“कामून बोललास रे?” ती त्याच्यावर ओरडली. “कुनी इचारलं व्हतं तुला?”

वीस वर्षांनी तिच्या तोंडून ‘तू’ ऐकून सिताराम जागीच थांबला.

“मग तू खोटं कामून बोललीस?”

“तुझ्यापायी! दुसरं कुनासाठी बोलू? तू सरकारी कागदावर खोटं लिवलंस असं वकिलाच्या म्होरं मी सांगू? तुझं पेन्शिल बंद केलं मंजी? कुसुमला घिऊन कुटं जाशील या वयात?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “चिठ्ठी आनाया चार दिस बसले मी दरोग्याच्या दारात. ते काय आता तुला बुडवाया?”

सितारामच्या तोंडून एवढंच निघालं, “आत्या, मी लय वाईट केलं.”

“केलंस,” ती म्हणाली. “मला ठावं न्हाई का?”

तिनं त्याच्या दंडाचा आधार घेतला आणि दोघं उतार उतरू लागली.

पाडव्याला राजबागेत मांडव पडला. सितारामला बोलावणं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सुमनबाई रिक्षानं स्टेशनजवळ त्याची खोली शोधत आल्या. हातात स्मरणिका होती. चकचकीत मुखपृष्ठावर बागेच्या जुन्या कमानीचं चित्र होतं.

“काका, मी लिहिलं होतं,” त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. “तुमचं, आजीचं, अकराही घरांचं. प्रूफं मामंजींकडे गेली. कमिटीनं दोन पानं काढली. मी भांडले. घरात अजून बोलणं नाही.” त्यांनी स्मरणिका त्याच्या हातात दिली. “मला तुमच्यापुढं उभं राहायला लाज वाटते.”

“तुमी कामून लाजता बाई,” सिताराम म्हणाला. “तुमी तर लिवलं.”

त्या गेल्यावर त्यानं तो लेख सावकाश वाचला. आंब्याची नावं होती. गूंगा होता, बेगमसाहेबांचा पोपट होता, वाकड्या रस्त्याचं गुपित होतं, आणि ते सांगणाऱ्या ‘एका वृद्ध मजूर स्त्री’चे आभार होते. विहिरीबद्दल लिहिलं होतं की ती ‘खणण्यात आली’. पूर्वेच्या ओळीबद्दल एकच वाक्य होतं, ‘या भागात हंगामी मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या असत.’ ते वाक्य ओळखीचं होतं. शब्द थोडे इकडचे तिकडे केले होते, एवढंच.

कुसुमबाईनं ताट वाढलं तरी तो उठला नाही. जेवण तसंच ठेवून त्यानं फूलस्केप कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि लिहायला बसला. ‘मी खाली सही करणार सिताराम, निवृत्त साखळीवाला, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ दुपार टळेपर्यंत तो लिहीत होता. चुकलं की कागद बदलत होता. शेवटी त्यानं पूर्वेच्या भिंतीच्या टोकापासून एकेक घर घेऊन अकरा कुटुंबांची नावं लिहिली.

सोमवारी तो मोजणी कचेरीत गेला. आवक-जावकच्या टेबलावर बन्सीधर होता, बारा वर्षं सितारामच्या बरोबर काम केलेला कारकून. त्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला.

“सिताराममामा, ह्याचा काई उपेग न्हाई. मुदत कवाच गेली. प्लॉटवर बंगले झाले, बंगल्याचे वारसबी लागले. साहेब ‘दप्तरी दाखल’ लिहितील आन् ढकलून देतील.”

“ठावं हाय मला.”

“आन् तुमी सोताच्याच इरोधात लिवायलाव. कुनी उकरून काढलं मंजी? पेन्शनीच्या वयात कशाला इस्तवाशी खेळता? घरी न्या. मी काई बघितलं न्हाई.”

सितारामनं दोन्ही हात टेबलावर टेकले. “बन्सीधर, त्या कपाटात माजा एक कागद हाय. वीस वर्सं झाली. त्याच्या शेजारी ह्यो ठेव. एवढंच काम कर. शिक्का मार.”

बन्सीधरनं त्याच्याकडे पाहिलं. मग शाईची डबी उघडली आणि दोन्ही प्रतींवर आवकचा शिक्का मारला.

सिताराम तिथूनच थेट ओढ्यापलीकडे गेला. उन्हं चढली होती. सरजाबाई घराच्या सावलीच्या अंगाला घोंगडी टाकून बसली होती. तिला त्यानं आधी स्मरणिकेत काय आहे ते सांगितलं, काही न लपवता. मग अर्जाचं सांगितलं.

“पेन्शिल?” तिनं पहिलं तेच विचारलं.

“बघू. जाईल तवा जाईल.”

कावळा पत्र्यावर बसून ओरडत होता, त्याला तिनं हाकललं. मग म्हणाली, “काय लिवलंस ते वाच.”

त्यानं कार्बनची प्रत उघडली आणि वाचायला सुरुवात केली. स्वतःच्या खोट्या जबाबाचा भाग आला तेव्हाही तो थांबला नाही. सरजाबाई डोळे मिटून ऐकत होती. मग नावं आली.

“पूर्वेच्या भिंतीच्या टोकापासून घर पहिलं, माझा आजा व त्याच्या पश्चात माझी आत्या सरजाबाई. घर दुसरं, पंडित. घर तिसरं, चांगुणाबाई. घर चौथं, सूर्यभान. घर पाचवं, कडूबाई. घर सहावं, मुंजाजी. घर सातवं...”

“थांब,” सरजाबाईनं डोळे उघडले. “सव्वं मुंजाजीचं न्हाई. सव्वं दगडाबाईचं. तिच्या दारात शेवगा व्हता. मुंजाजी सातवा.”

सितारामनं आठवून पाहिलं. शेवगा होता खरा. त्याच्या शेंगा पाडताना तो लहानपणी एकदा पडला होता.

“चुकलं माजं,” तो म्हणाला. “पर आता हापिसातल्या कागदावर तसंच ऱ्हाईल आत्या. शिक्का पडला.”

“तितं ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “हितं बरोबर कर.”

त्यानं खिशातून पेन काढलं, कागद मांडीवर पसरला, मुंजाजीचं नाव खोडून वर दगडाबाईचं लिहिलं, आणि खालच्या ओळीत मुंजाजीचं. सरजाबाई वाकून त्या अक्षरांकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण शाई वाळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

“हां,” ती म्हणाली. “आता आठवं वाच.”